सतराव्या वर्षी मागे सरकणारे केस

प्रश्न : माझा मुलगा १७ वर्षांचा आहे. वर्षभरात त्याच्या कपाळाच्या दोन्ही बाजूंचे केस मागे सरकले आहेत. त्याच्या वडिलांना तिशीत टक्कल पडले होते. महागडी तेले व कांद्याचा रस लावूनही फरक नाही. तो टोपीशिवाय बाहेर पडत नाही. काय करावे?

उत्तर : तुमचे वर्णन आनुवंशिक टकलाशी जुळते. वयात येताना टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकापासून डीएचटी हे दुसरे संप्रेरक अधिक प्रमाणात तयार होऊ लागते आणि ज्यांच्या केसांची मुळे त्याला जन्मतःच संवेदनशील असतात, त्यांचा प्रत्येक नवा केस आधीच्यापेक्षा बारीक व आखूड उगवतो. म्हणूनच वरून लावलेल्या तेलाने ही प्रक्रिया थांबत नाही. हा वारसा आईच्या घराण्याकडूनही येतो, तेव्हा दोष कोणाला देऊ नये.

तरीही निदान त्वचारोगतज्ज्ञांकडूनच करून घ्या, कारण टायफॉइड किंवा डेंग्यूनंतर दोन-तीन महिन्यांनी डोकेभर होणारी केसगळती बहुधा आपोआप थांबते, तर गोल चट्टे पाडणारी चाई हा वेगळाच आजार आहे. गरजेनुसार लोह व थायरॉइडची तपासणी होईल. मिनॉक्सिडिल आणि फिनास्टेराइड ही औषधे साधारणपणे १८ वर्षांपुढील पुरुषांसाठी मान्य असल्याने ती दुकानातून परस्पर आणू नका. केसरोपणाचा विचार या वयात मुळीच नको. टकलाची व्याप्ती अजून ठरलेली नसते.

टोपीमुळे केस गळत नाहीत. तिच्यावरून त्याला टोकू नका. घरात कोणी केसांवरून थट्टा करत असेल, तर ती मात्र आजच थांबवा.