वडिलांच्या जमिनीतला माझा हिस्सा बाहेरच्याला विकताना बहीण-भाऊ अडवू शकतात का?

विक्रीच थांबवू शकत नाहीत, पण तुमचा हिस्सा आधी स्वतः विकत घेण्याचा हक्क त्यांना आहे. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ च्या कलम २२ नुसार मृत्युपत्र न करता गेलेल्या माणसाची मिळकत वर्ग १ च्या (मुलगा, मुलगी, पत्नी, आई अशा सर्वात जवळच्या) दोन किंवा अधिक वारसांकडे आली आणि एकाने आपला हिस्सा विकायला काढला, तर बाकीच्यांना अग्रहक्क मिळतो. शेतजमीनही यात येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ते स्पष्ट केलं. किंमत आपसात ठरली नाही तर अर्ज केल्यावर न्यायालय ठरवतं. त्या किमतीला घ्यायला अर्जदार तयार नसेल, तर अर्जाचा खर्च त्याच्याच माथी. दोघे-तिघे वारस इच्छुक असतील तर जास्त बोली लावणाऱ्याला प्राधान्य.

विकण्याआधी बहीण-भावांना द्यायच्या नोटिशीचा नमुना कायद्यात नाही, तरी गट नंबर, हिस्सा आणि ठरलेला भाव लिहून रजिस्टर पोस्टाने कळवा. त्याहून पक्कं म्हणजे खरेदीखतावर ‘संमती देणार’ म्हणून त्यांची सही. तोंडी ‘विक बाबा’ पुढे कोर्टात कुणालाच आठवत नाही.

मात्र सरस-निरस वाटप (जमिनीचा कस पाहून केलेली वाटणी) होऊन हिस्से वेगळे झाले असतील किंवा जमीन मृत्युपत्राने आली असेल, तर हे कलम लागू होत नाही.