शिक्षकांना सुगम्य तंत्रज्ञान, म्हणजे दिव्यांग मुलांनाही वापरता येईल असं तंत्रज्ञान, शिकवायचं तर प्रशिक्षणाची सुरुवात कुठून करावी?

त्यांच्याच मोबाइलपासून. अँड्रॉइडमध्ये टॉकबॅक (स्क्रीनवरचं वाचून दाखवणारी सोय) सुरू करा आणि डोळे मिटून, त्यांनीच वर्गाच्या ग्रुपवर टाकलेला स्वाध्याय उघडायला सांगा. तो पानाचा फोटो असेल तर बहुतेक वेळा धड काहीच ऐकू येत नाही. दृष्टिहीन मुलाची अडचण त्या पाच मिनिटांत कळते, भाषणांनी कळत नाही.

मग टायपिंग. मराठी शाळांसाठी मला हाच मुद्दा सगळ्यात मोठा वाटतो. कितीतरी प्रश्नपत्रिका अजून युनिकोड (कुठल्याही संगणकाला अक्षर ओळखता येईल अशी प्रमाण पद्धत) नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये होतात. छापल्यावर छान दिसतात, पण एनव्हीडीए हा संगणकाच्या पडद्यावरचं वाचून दाखवणारा मोफत स्क्रीन रीडर त्याच फाइलमधून निरर्थक इंग्रजी अक्षरं वाचत सुटतो. युनिकोडमध्ये टाइप करायला, शीर्षकांना हेडिंग स्टाइल द्यायला आणि आकृतीचं दोन ओळींत वर्णन लिहायला शिकवा. हे सगळं प्रत्यक्ष हाताने करून घ्या. व्हिडिओला मराठी सबटायटल्स हवीत. आणि फळ्याकडे तोंड करून बोलणं बंद, कारण ओठ वाचणाऱ्या मुलाला तेवढा धडा कळतच नाही.

हे फक्त विशेष शिक्षकांवर सोडू नका. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ च्या कलम १६ नुसार सर्वसमावेशक शिक्षण ही अनुदानित आणि मान्यताप्राप्त शाळांचीही जबाबदारी आहे. गणिताच्या सरांनाही प्रशिक्षणाला बसवा.