फ्रेमला चौदा हजार, पोस्टरला तीन

डोंबिवलीच्या एका शिक्षिकेचं पत्र आहे. वडील मिरजेला एका जुन्या थिएटरचे मॅनेजर होते. ते गेल्यावर पत्र्याच्या ट्रंकेत जुन्या सिनेमांची अकरा पोस्टरं सापडली. त्यांतली चार पोस्टरं घड्या घातलेली, पिवळट पडलेली. सात गुंडाळी केलेली, बऱ्यापैकी कोरी. फ्रेमिंगच्या एका शोरूमने 'म्युझियम दर्जा'च्या फ्रेमचे प्रत्येकी १४,००० सांगितले, म्हणजे एकूण १,५४,०००. नाक्यावरचा फ्रेमवाला १,९०० मध्ये करून देतो. जुन्या वस्तूंचा एक व्यापारी सगळा गठ्ठा ३५,००० ला मागतो आहे आणि यजमानांचं म्हणणं, देऊन टाक. ताईंच्या मनात मात्र २,४०,००० ची एफडी मोडून दिवाळीच्या आत अकराही पोस्टरं भिंतीवर लावायचं आहे. त्या विचारतात, "पुढे किंमत वाढणारच, मग ही गुंतवणूकच झाली ना?"

ताई, नाही झाली. फ्रेम हा खर्च आहे. चांगला खर्च असू शकतो, पण त्याला गुंतवणूक म्हटलं की माणूस हात सैल सोडतो.

तुमचेच आकडे घेऊ. गृहकर्जाचा हप्ता धरून घरचा महिन्याचा खर्च ७०,०००. म्हणजे एफडीत जेमतेम साडेतीन महिन्यांची सोय आहे. मुलगी दहावीत, यजमानांची नोकरी खासगी. तुमच्यासारख्या घरात मी सहा महिन्यांचा खर्च, म्हणजे ४,२०,००० बाजूला असावेत म्हणतो. तिथे आधीच कमी आहे आणि त्यातून दीड लाख काढले तर ८६,००० उरतात. सव्वा महिना. मुदतीआधी मोडल्याबद्दल बँक व्याजात कापेल ते वेगळंच. शोरूमवाला 'नो कॉस्ट ईएमआय' देतो म्हणता. त्यात व्याज बहुतेक वेळा किमतीत मुरवलेलं असतं किंवा रोखीची सूट गेलेली असते, वर प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा जीएसटी. त्या वाटेला जाऊच नका.

आता 'किंमत वाढणारच' हा भाग. १,५४,००० रुपये सात टक्क्यांनी दहा वर्षं नुसते पडून राहिले तरी कर धरण्याआधी ३ लाखांच्या वर जातात. फ्रेमांमुळे पोस्टरांची किंमत तेवढी वाढेल का? व्यापाऱ्याच्या बोलीने एक पोस्टर सरासरी ३,२०० ला पडतं. तो स्वतःचा नफा धरूनच बोलणार, म्हणून दुप्पट धरा. तरीही साडेसहा हजारांच्या कागदाला चौदा हजारांची चौकट! चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. शिवाय जाणकार गिऱ्हाईक फ्रेमचे पैसे देत नाही. त्याला कागदाची मागची बाजू बघायची असते, फ्रेम उघडून मागतो, आणि परगावचा असेल तर काच नकोच म्हणतो.

२०१७ मध्ये अमेरिकेत 'ड्रॅक्युला'चं १९३१ सालचं पोस्टर ५,२५,८०० डॉलरला गेलं, अशा बातम्या रील्सवर फिरत असतात. खऱ्याच असतात त्या. पण त्या पोस्टरच्या जेमतेम दोन-चार प्रती जगात उरल्या असतील, म्हणून ती किंमत. आपल्याकडे बाबूराव पेंटरांच्या १९२४ च्या 'कल्याण खजिना' या मूकपटाचं पोस्टर आज टिकून असलेल्या भारतीय पोस्टरांत सर्वांत जुनं मानतात. तसलं काही ट्रंकेत निघालं असतं तर मी वेगळं पत्र लिहिलं असतं. शंभर वर्षांपुढच्या वस्तूंना १९७२ चा पुरावशेष कायदाही लागू होतो. तुमची पोस्टरं, तुम्ही दिलेल्या यादीवरून, पन्नास ते ऐंशीच्या दशकांतल्या गाजलेल्या सिनेमांची आहेत. गाजलेल्या सिनेमाची पोस्टरं छापलीही भरपूर गेली आणि सिनेमा पुन्हा लागला की पुन्हा छापली गेली. सिनेमा १९५७ चा म्हणून कागद १९५७ चा असतोच असं नाही.

म्हणून फ्रेमवाल्याकडे जायच्या आधी एक रविवार द्या आणि घड्याळजीकडे असतं तसलं भिंग आणा. पोस्टर स्वच्छ चादरीवर पसरा, हात धुऊन कोरडे करा. तळाच्या पांढऱ्या पट्टीत छापखान्याचं नाव आहे का बघा. मग चेहऱ्यावर भिंग धरा: ऑफसेट छपाईत रंगांच्या ठिपक्यांची नीटस फुलं दिसतात, अलीकडच्या इंकजेट प्रतीत रंगाचे बारीक, विस्कळीत शिंतोडे. सर्वांत सोपी परीक्षा घडीची. जुनी पोस्टरं थिएटरांना घड्या घालूनच जायची. नव्या नकला जुन्या पोस्टरच्या फोटोवरून छापलेल्या असतात, त्यामुळे घडीची रेघ डोळ्यांना दिसते, पण बोट फिरवलं तर कागद सपाट लागतो. मुंबईत चोर बाजाराच्या मटन स्ट्रीटवर अशी 'जुनी' पोस्टरं ढिगाने मिळतात आणि काही दुकानदार ती नक्कल आहे असं सरळ सांगतातही.

तुमची घड्या घातलेली चार पोस्टरं या परीक्षेला उतरतील असं मला वाटतं, कारण ती थिएटरमधून घरी आलेली आहेत. पोस्टर कुठून आलं याचा हा माग तुमच्याकडची खरी मालमत्ता आहे. वडिलांचं ओळखपत्र, थिएटरचं लेटरहेड, त्यांचा तिथला एखादा फोटो, जे असेल ते एका पाकिटात पोस्टरांबरोबर ठेवा. उद्या विकायची वेळ आली तर सोनेरी पट्टीपेक्षा हे पाकीट जास्त मिळवून देईल. आणि घड्या घालवायला इस्त्री फिरवू नका. मूळ घड्या या धंद्यात चालतात, इस्त्रीचा डाग चालत नाही.

फ्रेमकडे वळू. शोरूमच्या कोटेशनमध्ये चौदा हजारांपैकी ६,२०० नुसत्या नक्षीदार सागवानी पट्टीचे आहेत. ४,३०० काचेचे, आणि माउंट, पाठ, जोडणी मिळून ३,५००. पट्टी पोस्टरला राखत नाही, पाहुण्यांना दिसते एवढंच. पैसे आत घालायचे. नाक्यावरच्या फ्रेमवाल्याचा घोळ बरोबर उलटा आहे: तो कागद थेट काचेला टेकवणार, मागे एमडीएफ, म्हणजे लाकडाच्या भुशाचा दाबून केलेला बोर्ड, लावणार, कडा सेलोटेपने किंवा फेव्हिकॉलने चिकटवणार. आपल्याकडच्या पावसाळ्यात शाई काचेला धरते, एमडीएफमधलं आम्ल कागद तांबूस करतं आणि चारही बाजूंनी चिकटवलेला कागद हवा दमट झाली की फुगून लाटा मारतो. त्याने 'लॅमिनेशन करून देऊ का' विचारलं तर पोस्टर उचलून घरी या. लॅमिनेशन किंवा गरम दाबाने बोर्डावर चिकटवणं उलटवता येत नाही, आणि संग्राहकाच्या लेखी ते पोस्टर तिथेच संपतं.

कोणाकडेही करा, पण सांगायचं ते असं. माउंट आणि पाठ आम्लमुक्त बोर्डाची. कागद फक्त वरच्या कडेला, जपानी कागदाच्या छोट्या बिजागऱ्यांनी, गव्हाच्या खळीने टांगलेला, बाकी मोकळा. काच आणि कागद यांत पाच-सहा मिलिमीटर फट राहील अशी आतून बारीक पट्टी. मागची बाजू टेपने बंद, म्हणजे कसर शिरणार नाही. खालच्या दोन कोपऱ्यांना रबरी गुट्ट्या, म्हणजे फ्रेम आणि भिंत यांत हवा खेळेल.

काचेऐवजी यूव्ही (उन्हातले अतिनील किरण) अडवणारं अ‍ॅक्रिलिक, म्हणजे काचेसारखं पारदर्शक प्लॅस्टिक, घ्या. आपलं नेहमीचं पोस्टर ३० बाय ४० इंचांचं. तेवढ्या मापाची तीन मिलिमीटर काच सहा किलोच्या आसपास भरते, अ‍ॅक्रिलिक तीन किलोच्या आत. घरात मूल आहे, सोफ्याच्या वर लावणार आहात. फुटली तर काच आधी पोस्टर फाडते. अ‍ॅक्रिलिकला चरे लवकर पडतात आणि अमोनिया असलेला काचेचा फवारा चालत नाही, मऊ ओलं फडकं पुरतं. महागडी 'म्युझियम ग्लास' चकाकी घालवते, दिसायला सुरेख, पण तुमच्या हॉलला गरज नाही.

पण यूव्हीचं अ‍ॅक्रिलिक म्हणजे कवच नव्हे. दिसणारा उजेडही रंग खातो. दुकानाच्या काचेत वर्षभर राहिलेलं पोस्टर आठवा: लाल-पिवळा उडून नुसतं निळं उरतं. गेलेला रंग परत येत नाही. फोटोत तुम्ही दाखवलेली भिंत पश्चिमेची आहे, समोर बाल्कनी, पलीकडे बाथरूम. म्हणजे दुपारचं ऊन आणि ओल, दोन्ही तिथेच. कितीही महाग फ्रेम त्या भिंतीवर लावली तरी पोस्टर वाचणार नाही. आतल्या पॅसेजची भिंत बघा.

या सगळ्यावरून माझं मत असं झालं आहे. अकरा फ्रेम नकोत. भिंगाच्या परीक्षेला उतरलेल्या चारांपैकी तुम्हाला मनापासून आवडणारी दोन निवडा आणि त्यांना वर सांगितलेली फ्रेम करा, साधी लाकडी किंवा अ‍ॅल्युमिनियमची पट्टी लावून. माझ्या अंदाजाने एक आठ-नऊ हजारांत बसेल. बाकीची पॉलिएस्टरच्या पाकिटात, आम्लमुक्त फोल्डरमध्ये, सपाट ठेवा. पीव्हीसीचं प्लॅस्टिक नको, रबरबँड नको, माळ्यावर नको. पाकिटाची एक बाजू उघडी असू द्या, नाहीतर पावसाळ्यातली ओल आतच कोंडते. दरवर्षी दसऱ्याच्या सुमारास एकदा काढून बघायची. ज्यांचा चेहरा रोज दिसावा असं वाटतं त्यांचे स्कॅन काढून घरापुरत्या प्रती छापा आणि त्या खुशाल पश्चिमेच्या भिंतीवर लावा. त्या उडाल्या तर पुन्हा छापता येतात. कागद कुठे फाटला किंवा बुरशी लागली असेल तर घरी हात लावू नका. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं कलाजतन केंद्र आहे, तिथे विचारा.

हे सगळं तीस हजारांत बसवा आणि तीच मर्यादा. ८,००० ची एसआयपी जाऊन तुमचे महिन्याला नऊ-दहा हजार उरतात, म्हणजे तीन महिने. एफडीला हात लागत नाही. दिवाळी चुकेल, चुकू द्या.

व्यापाऱ्याला ३५,००० त गठ्ठा देऊ नका. गठ्ठ्याचा भाव लावण्यामागे त्याचं गणित असतं: दोन-तीन चांगल्या नगांवर पैसे वसूल, उरलेलं फुकटात. पण यजमान अगदीच चुकीचं बोलत नाहीत. सात गुंडाळ्यांपैकी ज्या अलीकडच्या नकला निघतील, त्यांत ना वडिलांची आठवण ना किंमत. त्या एकेक करून विकल्या तर दोन फ्रेमांचा थोडा खर्च निघेल.

त्याआधी एक गोष्ट, जी तुमच्या पत्रात शेवटच्या ओळीत ओझरती आली आहे. मिरजेला धाकटा भाऊ आहे. वडिलांनी मृत्युपत्र केलेलं नाही, आई नाही. म्हणजे ट्रंकेत त्याचाही अर्धा वाटा आहे. पोस्टरांची यादी फोटोसकट त्याला पाठवा, कोणती कोणाकडे राहणार ते ठरवा आणि व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना, लेखी घ्या. आज ती तीन हजारांची आहेत तोवर हे बोलणं सोपं आहे.

कराचं थोडक्यात: चित्रं आणि कलाकृती सोडून घरगुती वापराच्या वस्तूंवर भांडवली नफ्याचा कर नाही, पण छापील पोस्टर कोणत्या खणात बसतं यावर वाद होऊ शकतो. लागलाच, तर २४ महिन्यांपुढच्या नफ्याला १२.५ टक्के, आणि वडिलांकडे असलेला काळही त्यात धरला जातो. मोठी विक्री झाली तरच सीएकडे जा. विम्याचं म्हणाल, तर भारत गृह रक्षा पॉलिसीत घरातल्या सामानाला आपोआप संरक्षण असतं, पण कलाकृतींसारख्या मौल्यवान वस्तूंसाठी ठरलेल्या किमतीचं जादा कलम घ्यावं लागतं. तुमच्या पोस्टरांसाठी आज त्याची गरज नाही. घराचाच विमा नाही असं दिसतं. तो मात्र आधी घ्या.

फ्रेमवाल्याला निम्मेच पैसे आगाऊ द्या आणि मागची पाठ बंद करायच्या आधी बघायला येणार म्हणून सांगून ठेवा. तो कुरकुरेल. तरी जा, बिजागऱ्या आणि मधली फट डोळ्यांनी बघा, फोटो काढा, मगच उरलेले द्या.