चाकण, हिंजवडी, भोसरी: डोमेन एक की तीन?

तुम्ही विचारलंय की चाकणचा कारखाना, हिंजवडीचं ऑफिस आणि भोसरीचं गोदाम मिळून साडेचार हजार लोक आहेत, तर सुरक्षेसाठी अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत (कंपनीतली खाती, पीसी आणि अधिकार सांभाळणारी मायक्रोसॉफ्टची यंत्रणा) तिन्हींचे वेगळे डोमेन, म्हणजे एकत्र सांभाळल्या जाणाऱ्या खात्यांचे आणि पीसींचे वेगळे गट, करावेत का.

करू नका. एकाच फॉरेस्टमधले, म्हणजे डोमेनच्या एकाच समूहातले, डोमेन एकमेकांवर विश्वास ठेवतात. एकाचा पूर्ण ताबा गेला की तिथून अख्ख्या फॉरेस्टपर्यंत पोचता येतं. सुरक्षेची खरी सीमा फॉरेस्टची, डोमेनची नाही. एकच डोमेन ठेवा, तीन जागांसाठी तीन साइट्स (जागेनुसार नेटवर्कचे भाग) करा. ओयू, म्हणजे डोमेनच्या आतले खात्यांचे आणि पीसींचे कप्पे, मात्र एचआरच्या तक्त्यावरून बनवू नका, तो तक्ता दर एप्रिलला बदलतो. कोणाला कशाचे अधिकार द्यायचे आणि कुठली ग्रुप पॉलिसी (अनेक पीसी आणि खात्यांना एकदम लागू होणारे नियम) कुठे लावायची, त्यावरून बनवा.

त्यापेक्षा मोठा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही: तुमचे डोमेन अ‍ॅडमिन (अख्ख्या डोमेनवर ताबा असलेली खाती वापरणारे) लॉगिन कुठे करतात? मी भोसरीतल्या एका कारखान्यात हे काम करत होतो. शॉपफ्लोअरवरचा प्रिंटर चालेना म्हणून सपोर्टच्या मुलाने तिथल्या पीसीवर डोमेन अ‍ॅडमिनने लॉगिन केलं आणि सेशन तसंच उघडं ठेवलं. त्या पीसीत आधीच मालवेअर होतं. मेमरीतला पासवर्डचा हॅश (पासवर्डऐवजी वापरता येणारं त्याचं सांकेतिक रूप) त्या मालवेअरने उचलला आणि रात्रीत सगळे सर्व्हर गेले. त्या मुलाचा दोष मी आजही मानत नाही. ते खातं त्या पीसीवर चालायलाच नको होतं, आणि ग्रुप पॉलिसीने ते अडवता येतं. डोमेन कंट्रोलरसाठी, म्हणजे डोमेनची सगळी लॉगिन तपासणाऱ्या सर्व्हरसाठी, वेगळी खाती आणि वेगळे पीसी ठेवा, ज्यांवर मेल नाही, ब्राउझिंग नाही. प्रत्येक पीसीच्या लोकल अ‍ॅडमिनचा पासवर्ड वेगळा हवा. त्यासाठी लॅप्स हे मायक्रोसॉफ्टचं साधन आहे, एप्रिल 2023 पासून ते विंडोजमध्येच येतं.

मग सर्व्हिस अकाउंट्सकडे, म्हणजे माणसं नाही तर सॉफ्टवेअर वापरतं त्या खात्यांकडे, वळा. एसपीएन (एखाद्या सेवेचं नोंदवलेलं नाव) असलेल्या खात्याचं कर्बरॉस तिकीट, म्हणजे त्या सेवेत शिरण्याचा लॉगिन यंत्रणेने दिलेला पास, डोमेनमधला कुठलाही साधा वापरकर्ता मागू शकतो. ते त्या खात्याच्या पासवर्डपासून बनलेल्या कीने एन्क्रिप्ट केलेलं असतं, त्यामुळे घरी नेऊन सावकाश फोडता येतं आणि खातं लॉकही होत नाही. वर्षानुवर्षं न बदललेला ईआरपीचा पासवर्ड इथेच जातो. जमेल तिथे जीएमएसए, म्हणजे पासवर्ड डोमेनच सांभाळतं असं सर्व्हिस अकाउंट, वापरा, त्याचा पासवर्ड दर 30 दिवसांनी आपोआप बदलतो.

आणि रेप्लिकेशनला, म्हणजे डोमेन कंट्रोलर एकमेकांत माहितीची नक्कल करत राहतात त्याला, बॅकअप समजू नका. जून 2017 मध्ये नॉटपेट्या या मालवेअरने मर्स्क या जहाज कंपनीचे डोमेन कंट्रोलर पुसून टाकले. घानातला एकच वाचला, कारण त्या वेळी तिथली वीज गेली होती. तुम्ही एक प्रत नेटवर्कबाहेर ठेवा. चाकणला गुरुवारी सुट्टी असेल, तर त्या दिवशी वेगळ्या नेटवर्कवर फॉरेस्ट रिस्टोअर करून बघा, किती तास लागले ते लिहून ठेवा. खऱ्या हल्ल्यानंतर केआरबीटीजीटीचा (ज्याच्या कीने कर्बरॉसची मुख्य तिकिटं बनतात त्या खात्याचा) पासवर्ड दोनदा बदलावा लागतो, तेही सरावाच्या वेळीच एकदा हातांना होऊ दे.