ऑइल फिल्टरची पारख

ऑइल फिल्टरची पारख डब्याच्या रंगावरून किंवा वजनावरून करू नये. गाडीतून काढलेला जुना फिल्टर कटरने उघडून पाहा, म्हणजे कागदाच्या घड्या सारख्या अंतरावर आहेत की एकमेकींना चिकटल्या आहेत, हे डोळ्यांनाच दिसते. करवतीने कापल्यास लोखंडाचा कीस आत पडतो आणि तो इंजिनचाच समजून उगीच धास्ती बसते; माझी बसली होती. तेल परत वाहू न देणारी झडप सिलिकॉनची असल्यास उष्णतेने लवकर कडक होत नाही. ती कडक झाली की रात्रभरात तेल खाली उतरते आणि सकाळी गाडी सुरू करताना क्षणभर खडखड ऐकू येते. नुसत्या '२० मायक्रॉन' (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) एवढे बारीक कण अडवण्याच्या दाव्याला अर्थ नाही. आयएसओ ४५४८-१२ या ऑइल फिल्टरच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणित चाचणीत त्या आकाराचे किती टक्के कण अडले, हे छापणारा ब्रँड मी आधी विचारात घेतो.