जन्मनोंद मामाच्या गावी, नोकरी नेदरलँड्समध्ये

प्रश्न : आमची मुलगी चार महिन्यांपूर्वी नोकरीनिमित्त नेदरलँड्समधील आइंडहोव्हन येथे गेली. तेथील नगरपालिकेने पासपोर्ट पाहून तिची नोंदणी केली. मात्र आता अपोस्टिल (कागद खरा असल्याची, परदेशात चालणारी परराष्ट्र मंत्रालयाची चिकटपट्टी) केलेला जन्मदाखला मागितला आहे. तिचा जन्म १९९६ साली तिच्या आजोळी, दिग्रस तालुक्यातील एका खेड्यात झाला. शाळेच्या टी. सी. वर जन्मस्थळ म्हणून आमच्या गावाचे नाव आहे आणि पासपोर्टवरही तेच आले आहे. आमच्या ग्रामपंचायतीत तर नोंदच सापडत नाही. टी. सी. ला अपोस्टिल करून पाठविली तर चालेल का? शेजाऱ्यांचा मुलगा जर्मनीत असतो. त्याच्या मते अपोस्टिलचा काही उपयोग होत नाही.
— एक वाचक, ता. आर्वी, जि. वर्धा

उत्तर : टी. सी. चालणार नाही. तिच्यावरील जन्मतारीख पालकांनी शाळेत सांगितलेली असते, आणि परदेशातील नगरपालिकेला हवा असतो तो जन्म-मृत्यू निबंधकाने नोंदवहीवरून दिलेला दाखला.

तुमच्या ग्रामपंचायतीत नोंद सापडत नाही यात ग्रामसेवकाचा दोष नाही. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची आपल्याकडे रीत आहे आणि कायदा तर जन्म जेथे झाला तेथेच नोंद करायला सांगतो. त्यामुळे विदर्भातील कितीतरी थोरल्या लेकरांच्या नोंदी मामाच्या गावी पडून आहेत, हे पासपोर्ट काढेपर्यंत कोणाच्या ध्यानातही येत नाही. प्रथम मुलीच्या आईला विचारा की बाळंतपण घरी झाले की दिग्रसच्या दवाखान्यात. घरी झाले असल्यास नोंद त्या खेड्याच्या ग्रामपंचायतीत असेल. दवाखान्यात झाले असल्यास ती शहराच्या नगरपरिषदेत शोधावी लागेल. शोध मुलीच्या नावाने घेऊ नका. बारशाआधी झालेल्या नोंदीत नावाचा रकाना बहुधा कोराच असतो, म्हणून आई-वडिलांची नावे आणि जन्मतारीख सांगून नोंदवही पाहायला लावा, आणि सांगितलेल्या तारखेच्या मागचे-पुढचे महिनेही पाहा.

नावाचा रकाना कोरा निघाला तर आधी नाव घालून घ्या. जन्मापासून १५ वर्षांच्या आत नाव घालता येते, अशी मूळ तरतूद आहे. त्यापुढील वयाच्या लोकांसाठी राज्यात वेळोवेळी मुदतवाढ दिली गेली आहे, तेव्हा सध्या कोणती मुदत चालू आहे हे निबंधकाकडे विचारून घ्या. नाव घालताना पासपोर्टवरील अक्षरे समोर ठेवा. वडिलांचे नाव पासपोर्टवर मुलीच्या नावाला जोडलेले आणि दाखल्यावर मात्र नाही, एवढ्या फरकानेही तिकडचा कर्मचारी हे दोघे एकच आहेत का, असे विचारतो. नोंद मुळातच झालेली नसेल, तर अनुपलब्धता प्रमाणपत्र घेऊन विलंबाने नोंद करावी लागते. एक वर्षानंतरच्या अशा नोंदीसाठी पूर्वी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांचा आदेश लागत असे. २०२३ च्या दुरुस्तीनंतर तो अधिकार जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा प्राधिकृत कार्यकारी दंडाधिकारी यांच्याकडे आला आहे. हे काम महिनोन्‌महिने चालू शकते, हे मुलीला आजच कळवून ठेवा.

दाखला हाती आला की तो मराठी-इंग्रजी अशा दोन्ही भाषांत आहे ना, हे पाहा. इंग्रजी असल्यास नेदरलँड्समध्ये भाषांतराचा खर्च वाचतो. जुना हस्तलिखित दाखला असेल तर नवा काढा. आणि कृपा करून त्याचे लॅमिनेशन करू नका. आपल्याकडे जपून ठेवायचा प्रत्येक कागद प्लॅस्टिकमध्ये घालण्याची हौस आहे; पण त्यावर ना शिक्का बसतो, ना चिकटपट्टी. दाखल्यावर आधी राज्य शासनाच्या प्राधिकृत अधिकाऱ्याचे साक्षांकन आणि त्यानंतर परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टिल, असा क्रम आहे. मंत्रालयाचे शुल्क दर कागदामागे अवघे ५० रुपये आहे. मंत्रालय कागद नेमलेल्या सेवासंस्थांमार्फत स्वीकारते आणि त्यांचे सेवाशुल्क वेगळे असते. गावोगावचे दलाल जे हजारो रुपये सांगतात, ते याच्याही वरचे असतात.

शेजाऱ्यांचा मुलगा त्याच्यापुरते बरोबर बोलतो आहे. अपोस्टिलविषयीच्या हेग येथील १९६१ च्या करारात भारत २००५ साली सामील झाला, तेव्हा जर्मनीने भारताबाबत हरकत नोंदविली. त्यामुळे भारतीय अपोस्टिल तेथे चालत नाही आणि कागदांची पडताळणी जर्मन वकिलातीच्या पद्धतीने होते. नेदरलँड्समध्ये मात्र ते चालते.

राहिला जन्मस्थळाचा घोळ. दाखल्यावर आजोळ येणार आणि पासपोर्टवर तुमचे गाव आहे. पासपोर्टशी जुळावा म्हणून दाखल्यात तुमचे गाव घालण्याच्या फंदात पडू नका. ती खोटी नोंद ठरेल. मुलीने हेगमधील भारतीय दूतावासाकडे पासपोर्ट नव्याने देण्याचा अर्ज करून जन्मस्थळ दुरुस्त करून घ्यावे, आणि तोवर नगरपालिकेला हा फरक लेखी कळवून ठेवावा.

प्रश्न : माझे ५ एकर ओलिताचे वावर आहे, त्यात संत्र्याचा बगीचा आहे. मुलगा नऊ वर्षांपासून दुबईत नोकरीला आहे. पुढे त्याला कचेऱ्यांच्या चकरा नकोत म्हणून ते वावर आताच बक्षीसपत्राने त्याच्या नावे करावे, असा विचार आहे.
— एक वाचक, ता. वरुड, जि. अमरावती

उत्तर : तसे करू नका. अनिवासी भारतीयाला भारतात शेतजमीन विकत घेता येत नाही, तशी ती बक्षीस म्हणूनही घेता येत नाही. परकीय चलन व्यवस्थापन कायद्याखालील नियमांनी त्याला फक्त वारसाहक्काने शेतजमीन मिळविण्याची मुभा दिली आहे. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत दस्त नोंदला गेला म्हणजे तो नियमात बसला, असे होत नाही. पुढे उल्लंघन निघाले तर त्यात गुंतलेल्या रकमेच्या तिप्पट दंड होऊ शकतो, आणि हा बोजा मुलाच्या डोक्यावर येतो.

तुमच्यासाठी मार्ग मृत्युपत्राचा. त्याला दोन साक्षीदार पुरेत; नोंदणी बंधनकारक नसली तरी ती करावी, असे मी सुचवीन. मात्र वावर स्वकष्टार्जित आहे की वडिलोपार्जित, हे आधी ठरवा. वडिलोपार्जित असेल तर ९ सप्टेंबर २००५ पासून मुलीलाही मुलाइतकाच जन्मसिद्ध वाटा आहे. त्या दिवशी वडील हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केले. अशा वावरातील फक्त तुमच्या वाट्याचे मृत्युपत्र तुम्ही करू शकता. प्रश्नात मुलींचा उल्लेख नाही. असल्यास त्यांच्याशी आजच बोला.

मुलाच्या वतीने येथे कोणाला काम पाहायचे असेल, तर त्याने दुबईतील भारतीय वाणिज्य दूतावासात मुखत्यारपत्र साक्षांकित करून पाठवावे. संयुक्त अरब अमिराती हेग करारात नसल्याने तेथे अपोस्टिलची सोय नाही. मुखत्यारपत्र भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते. टपालाचा लिफाफा फाडून टाकू नका, तो तारखेचा पुरावा असतो. पुढे कधी मुलाने वावर विकायचे ठरविले, तर खरेदीदार भारतात राहणारा भारतीय नागरिकच हवा. शिवाय विदर्भासाठी १९५८ चा वेगळा कुळकायदा आहे आणि त्याप्रमाणे तो शेतकरीही असायला हवा.

प्रश्न : यजमान दोन वर्षांपासून कतारला आहेत. कापसाचे पैसे अजूनही त्यांच्या गावातील बचत खात्यातच येतात. काही अडचण होईल का?
— एक वाचक भगिनी, ता. केळापूर, जि. यवतमाळ

उत्तर : होईल. परदेशी नोकरीला गेलेल्या माणसाचे साधे बचत खाते एन. आर. ओ. खात्यात (अनिवासी भारतीयाचे येथील उत्पन्न जमा होते त्या खात्यात) बदलावे लागते. तुमच्या शाखेत ती सोय आहे का, ते विचारा. नसल्यास तालुक्याच्या बँकेत खाते काढा. कापसाचे पैसे त्यात जमा होऊ शकतात आणि शेतीचे उत्पन्न आयकरमुक्तच राहते. खात्यावरील व्याजातून मात्र ३० टक्के आणि त्यावरील उपकर कापला जातो. निवासी जवळच्या नातेवाइकाचे नाव त्या खात्यावर लावता येते, तेव्हा तुमचे नाव लावून घ्या. पण व्यवहाराची मुभा पहिल्या खातेदाराला, म्हणजे यजमानांनाच असते, आणि तुम्हाला ती त्यांच्या निधनानंतरच मिळते. दैनंदिन व्यवहारासाठी बँकेच्या नमुन्यातील वेगळे अधिकारपत्र त्यांच्याकडून घ्या. पीएम-किसानचे हप्ते त्यांच्या नावे येत असतील तर तेही कृषी विभागाला कळवा. अनिवासी भारतीय त्या योजनेत बसत नाहीत आणि घेतलेली रक्कम परत करावी लागते.