ताई, तिकडं स्वस्थ वाटतं का?

तुझा प्रश्न मंगळवारी वाचला, आज रविवार. मधे तीनदा लिहायला बसले आणि तीनदा उठले. आता जसं सुचेल तसं लिहिते.

तू लिहिलंयस की नोकरी पक्की झालीय, पुढच्या उन्हाळ्यात बायको आणि सहा वर्षांच्या मुलाला घेऊन इंग्लंडला, आमच्या पीटरबरोला यायचंय. कागदपत्रांचं काय, शाळेचं काय, एकटं पडायला होतं का, आणि शेवटी जाता जाता विचारल्यासारखं, 'बातम्यांत नुसते मोर्चे दिसतात. ताई, तिकडं स्वस्थ वाटतं का?' तू सांगलीचा, मी मिरजेची. माझ्या धाकट्या भावाएवढा असशील, अरेतुरे करते, चालवून घे.

व्हिसाच्या अटी, पगाराचा आकडा, आरोग्याचा सरचार्ज हे सगळं सरकारी साइटवर आहे, आणि मी लिहीपर्यंत त्यातलं काही बदललेलंही असेल. तिथं नसलेलं एक सांगते. निघायच्या आधी घरातल्या सगळ्यांची नावं सगळ्या कागदांवर सारखी करून घे. आईवडिलांचीसुद्धा. माझ्या आईचं नाव पासपोर्टवर एक, रेशनकार्डावर त्यालाच पुढं 'बाई' लावलेलं, आणि एका जुन्या पासबुकात माहेरचं. ह्या तीन बायका म्हणजे एकच बाई, हे सिद्ध करायला २०१४ साली मी मिरजेत टायपिस्टच्या बाकड्यावर दोन दिवस काढले. ॲफिडेव्हिट, मग त्याचं इंग्रजी भाषांतर, मग भाषांतर खरं असल्याचं वेगळं पत्र.

कशासाठी, तर बाबा गेले होते आणि आईला इकडं आणायचं होतं. आम्ही २००८ ला आलो, कायमचा परवाना हातात होता, मला वाटलं आता काय अडचण. तर जुलै २०१२ पासून इथला नियम असा की आईवडिलांना कायमचं आणायचं असेल तर त्यांना रोजचं अंघोळ-जेवणसुद्धा एकट्यानं जमत नाही हे दाखवायचं, आणि वर पैसे मोजूनही तिकडं सांभाळणारं कुणी मिळत नाही हेही दाखवायचं. आई तेव्हा अडुसष्ट वर्षांची. गुडघे गेलेले, पण भाकरी थापत होती. डॉक्टरांनी पत्रात प्रामाणिकपणे तसंच लिहिलं. अर्ज नामंजूर झाला. कारण काय, तर मिरजेत पगारी बाई ठेवता येईल. मिरजेत पगारी बाई मिळते हे मला विलायतेहून कुणी कळवायची गरज नव्हती.

तुला हे आत्ताच सांगते कारण नोकरीच्या व्हिसावर आई येणार नाही, आणि पुढं कायमचा परवाना मिळाला तरी ती येईलच असं धरून चालू नकोस. पाहुणी म्हणून येऊ शकेल, एका वेळी सहा महिन्यांपर्यंत. आम्ही असली गणितं करून निघालो नव्हतो.

शाळेचं म्हणशील तर मला त्यावर शांतपणे लिहिता येत नाही. मुलगा चौथ्या वर्षी रिसेप्शनला, म्हणजे इथल्या शाळेच्या सगळ्यात खालच्या वर्गात, गेला तेव्हा फक्त मराठी बोलायचा. महिन्याभरात शिक्षिकेनं बोलावून घेतलं आणि फार गोड आवाजात सांगितलं, घरी इंग्रजीच बोला, त्याच्या भल्यासाठी. आम्ही दोघं आयुष्यभर पहिल्या बाकावर बसलेली माणसं. इतकं काटेकोर पाळलं की दोन वर्षांत पोरगं आजीशी फोनवर बोलायचं बंद झालं. आज तो कॉलेजला आहे. 'आजी, कशी आहेस?' एवढं म्हणतो आणि फोन माझ्याकडं देतो. तुला कुणी असं सांगितलं तर हसून मान हलव आणि घरी येऊन मराठीत भांड, मराठीत जेवू घाल. इंग्रजी शाळेत येतंच, ते अडवायचं म्हटलं तरी अडत नाही.

आमच्या शेजारणीनं तेच केलं. ती पोलंडची. तिचा मुलगा आमच्याच्या वर्गात, दोघं कायम एकत्र. तिलाही तीच सूचना झाली होती. तिनं ती ऐकून घेतली आणि पोराला शनिवारच्या पोलिश शाळेत घातलं.

आणि २०१५ मध्ये तिची आई आली. दोन दिवस बसमधून. ना फॉर्म, ना फी, ना ॲफिडेव्हिट, कारण युरोपातल्या माणसाला तेव्हा काहीच लागत नव्हतं. उन्हात खुर्ची टाकून म्हातारी बटाटे सोलत बसायची. मला बघून हात करायची, आणि एकदा कुंपणावरून मोठी बरणी दिली, शेपू घातलेल्या खारवलेल्या काकड्यांची. मी बरणी घेऊन आत आले, ओट्यावर ठेवली आणि रडले. दुःख होतंच, पण खरं सांगायचं तर जळत होते मी.

आता मतदानाचं. हे इथं फारसं कुणाला सांगितलेलं नाही.

तुला कदाचित ठाऊक नसेल, भारतीय पासपोर्ट असला तरी इथं रीतसर राहणाऱ्या माणसाला पार्लमेंटच्या निवडणुकीत मत देता येतं, कारण आपण कॉमनवेल्थचे, म्हणजे राष्ट्रकुलातले. (आल्या आल्या यादीत नाव नोंदव, पुढं कर्ज घेताना बँकवाले तेही बघतात.) २३ जून २०१६ ला युरोपात राहायचं की बाहेर पडायचं, ह्यावर सार्वमत झालं, तेव्हाही हाच हिशेब. म्हणजे मला मत, आणि माझ्या आधीपासून इथं राहणाऱ्या, कर भरणाऱ्या माझ्या शेजारणीला नाही. आपल्या लोकांत तेव्हा प्रचार असा फिरत होता की युरोपातली गर्दी थांबली की कॉमनवेल्थच्या माणसांना न्याय मिळेल, करी हाउसला आचारी आणता येतील. मला आचारी नको होते. मला आई हवी होती.

त्या संध्याकाळी नवरा ड्यूटीवर होता. मुलगा कुणाकडं ठेवू? शेजारीणच म्हणाली, तू जाऊन ये, मी बघते दोघांना. गेले. प्लायवूडचा आडोसा, दोऱ्यानं बांधलेली बोटभर पेन्सिल. 'राहावं' वर, 'बाहेर पडावं' खाली. मी खालच्या चौकोनात फुली मारली. परत आले तेव्हा माझं पोरगं तिच्या टेबलाशी बसून जेवत होतं.

दुसऱ्या दिवशी निकाल. देशात ५१.९ विरुद्ध ४८.१, आमच्या पीटरबरोत तर शंभरातल्या जवळजवळ एकसष्ट जणांनी बाहेर म्हटलेलं. सकाळी शाळेच्या फाटकाशी ती भेटली, डोळे सुजलेले. माझा हात धरून म्हणाली, तू तरी आमच्यासाठी मत दिलंस, थँक यू. मी काही बोलले नाही. त्याच आठवड्यात जवळच्या हंटिंग्डनमध्ये पोलिश माणसांना किडे म्हणणारी कार्डं टाकलेली सापडली, छापून लॅमिनेट केलेली. कुणीतरी लॅमिनेशनच्या मशीनशी उभं राहून एकेक कार्ड आत सरकवलं असणार, हे काही माझ्या डोक्यातून जात नाही.

२०१८ मध्ये ती मंडळी परत गेली. आमचा मुलगा महिनाभर धड बोलला नाही. २०२१ पासून युरोपवाल्यांनाही आपल्यासारखेच फॉर्म लागायला लागले. माझ्या आईसाठीचा नियम होता तिथंच राहिला.

एकटेपणाचं विचारलंस. असतो. नोव्हेंबरात चारला अंधार पडतो. व्हिटॅमिन डी घ्यायचं, रोज बाहेर पडायचं, सवय होते. पुढं.

स्वस्थ वाटतं का? त्या सार्वमतानंतर दोन-अडीच वर्षं मला रात्री धड झोप नव्हती. घरात, कामावर, मराठी मंडळींच्या जेवणात, सगळीकडं तोच विषय, आणि मी दोन्ही बाजूंच्या माणसांपुढं मान डोलवायची. एका डिसेंबरात मुलाच्या क्लासबाहेर तासभर थांबायचं होतं, थंडी मरणाची, म्हणून कॅथीड्रलमध्ये, इथल्या मोठ्या जुन्या चर्चमध्ये, शिरले. आत सांजप्रार्थना सुरू होणार होती. तिकीट नाही, धर्म कुणी विचारत नाही, वहाणा काढायच्या नाहीत एवढंच चुकल्यासारखं वाटलं. गाणारे दोन रांगांत समोरासमोर उभे. एक ओळ ह्या बाजूनं, पुढची त्या बाजूनं. आपल्याकडं टाळकरी भजनाला उभे राहतात ना, हुबेहूब तसं. गात होते ती स्तोत्रं अडीच हजार वर्षांच्या आसपासची, जुन्या यहुद्यांची. त्यातलं १२७ वं मला नंतर पाठच झालं. पहाटे उठून, रात्री जागून कष्टाची भाकर खाता ते व्यर्थ, तो आपल्या माणसांना झोप देतो, अशा अर्थाचं आहे. मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रात्रपाळ्या करणारी बाई. मला ते अगदी नाव घेऊन म्हटल्यासारखं वाटलं.

शेवटाकडं एक प्रार्थना असते, 'आमच्या अंधारात उजेड पाड' म्हणून. ती ऐकताना माझ्या तोंडून आपोआप 'दुरितांचे तिमिर जावो' निघालं. आई रोज दिवेलागणीला पसायदान म्हणते, लहानपणी आम्ही ते पाढ्यासारखं उरकायचो. त्या कॅथीड्रलचं लाकडी रंगवलेलं छत तेराव्या शतकातलं, आणि नेवाशाला ज्ञानेश्वरी झाली शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली. शतक तेच. बाकी संबंध काही नाही, पण मान वर करून बघताना मला घरात बसल्यासारखं वाटलं.

'जे खळांची व्यंकटी सांडो.' खळ नष्ट होवोत असं माउली म्हणत नाहीत, त्यांचा वाकडेपणा तेवढा गळून पडो म्हणतात. इतकी वर्षं ही ओळ म्हणताना माझ्या डोळ्यांसमोर आईचा अर्ज फेटाळणारा कुणीतरी साहेब यायचा. त्या दिवसापासून खात्रीनं कुणाचा चेहरा येत नाही.

अजूनही जाते, महिन्यातून एकदा-दोनदा. आत अरॅगॉनच्या कॅथरीनचं थडगं आहे, आठव्या हेन्रीची पहिली राणी. नागरिकत्वाच्या परीक्षेसाठी हेन्रीच्या सहा बायका पाठ केल्या होत्या, ही पहिली म्हणून नीट लक्षात राहिली. पंधरा वर्षांची असताना स्पेनहून आली, पुन्हा कधी माहेर पाहिलं नाही, १५३६ मध्ये गेली. डाळिंब हे तिचं चिन्ह, म्हणून लोक थडग्यावर डाळिंबं ठेवतात. एकदा सुपरमार्केटातलं एक मीही ठेवून आले. सांगोल्याच्या डाळिंबापुढं ते काहीच नव्हतं, पण ठेवलं.

शेजारणीला अजून सांगितलेलं नाही. नाताळला तिचा मेसेज येतो, पोरांचे फोटो येतात, मी तिळगुळाचा फोटो पाठवते. दोनदा लिहून खोडलं. आई आता ऐंशीला टेकलीय आणि मिरजेत तिच्याकडं पगारी बाई आहे. दोघी दुपारी मालिका बघतात आणि कुठली सून खरी वाईट ह्यावर भांडतात. चांगलं चाललंय तिचं. नामंजुरीच्या पत्रातलं वाक्य शेवटी खरं ठरलं, ह्याचाच मला राग येतो.

मोर्चे तू म्हणतोस ते आहेत. २०२४ च्या उन्हाळ्यात दंगली झाल्या तेव्हा आम्हीही आठवडाभर अंधार पडायच्या आत घरी येत होतो. मग शाळा सुरू झाल्या, कचऱ्याच्या डब्यांचा दिवस बदलला, लोक त्यावर चिडायला लागले. तू ये. कुकरची जादा रिंग आण, इथं आपल्या मापाची पटकन मिळत नाही.

आणि मुलाची जन्मतारीख कळव. ३१ ऑगस्टच्या अलीकडची की पलीकडची, त्यावर इथं इयत्ता ठरते, आणि घराचा करार हातात आल्याशिवाय शाळेचा अर्ज पुढं सरकत नाही. पहिला महिना तो घरीच बसेल असं धर. मराठीची दोन पुस्तकं सामानात वरच ठेव.